तिसऱ्या दिवशीच पाकीट रिकामं

पत्र: पुढच्या महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी, पाच रात्रींसाठी एका मोठ्या शहरात जाणार आहोत. शहर आम्हा सगळ्यांनाच नवं आहे. मागच्या सहलीत आम्ही एकूण रकमेला दिवसांनी भागून रोजचा आकडा काढला होता. तो पहिल्याच संध्याकाळी ओलांडला गेला आणि तिसऱ्या दिवशी पाकीट रिकामं व्हायला आलं. सगळ्यात जास्त पैसे गेले ते इकडून तिकडे जाण्यात. उरलेले दिवस मन मारून काढले आणि मुलीला जे तारांगण बघायचं होतं तेच राहून गेलं. या वेळी नवऱ्याने फर्मान काढलंय की प्रत्येक खर्च वहीत लिहायचा. मला सुट्टीत कारकुनी करायची नाही. सासूबाई "मी चालेन की" म्हणतात आणि दुपारपर्यंत त्यांचे गुडघे संप करतात. मग टॅक्सी, आणि टॅक्सीचं भाडं ऐकलं की त्या दिवसभर गप्प. हॉटेल शहराच्या टोकाला स्वस्त मिळतंय, मध्यवस्तीत महाग. दिवसाचा पास घ्यावा की नाही तेही कळत नाही. रोजचा प्रवासखर्च ठरवायचा तरी कसा?
– हिशेबाला कंटाळलेली

उत्तर:

शहराचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, त्यामुळे भाडी सांगायचा प्रश्नच मिटला. बरंच झालं. भाडी बदलत राहतात, हिशेबाची रीत तीच राहते. म्हणून मी इथे सगळं 'तिकिटां'त मोजते. एका मोठ्या माणसाच्या मेट्रोच्या किंवा बसच्या एका बाजूच्या साध्या फेरीला जे पडेल ते एक तिकीट. तुमच्या शहराचं भाडं कळलं की गुणाकार तुम्हीच करा, पाच मिनिटांचं काम आहे.

मागच्या वेळी तुमचं चुकलं ते भागाकारात. सहा दिवस, एक रक्कम, भागिले सहा. असा दिवस सहलीत कुठे सापडतच नाही. पोहोचण्याच्या दिवशी सामान असतं, रस्ते माहीत नसतात, कार्डं विकत घ्यायची असतात, आणि भूक लागली की समोर दिसेल तिथे शिरावं लागतं. दुसऱ्या दिवशी उत्साह असतो, त्यामुळे सगळ्यात लांबची ठिकाणं त्याच दिवशी उरकली जातात. चौथ्या दिवसापर्यंत पाय दुखायला लागतात आणि माणसं आपणहून कमी फिरतात. खर्च असा चढउतार करत जातो आणि तुमचा आकडा मात्र सपाट. साहजिकच तो पहिल्या संध्याकाळी मोडतो, आणि एकदा मोडला की माणूस त्याच्याकडे बघणंच सोडून देतो. 'आता गेलेच आहेत तर जाऊ देत' ही जी मनाची अवस्था होते ना, तिने जेवढे पैसे जातात तेवढे टॅक्सीनेही जात नाहीत.

म्हणून आधी दिवस वेगवेगळे करा. हॉटेल, विमानतळ किंवा स्टेशनवरून हॉटेलपर्यंतचं जाणं-येणं, आणि आधीच काढलेली तिकिटं, हे सगळं बाजूला काढा. तो खर्च 'रोजचा' नाहीच, तो घरातून निघण्याआधीच झालेला आहे. उरलेल्या रकमेचे १०० भाग समजा. त्यातले १० आधीच दूर ठेवा, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. पोहोचण्याच्या दिवसाला १५ द्या, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १५, चौथ्याला १०, पाचव्याला २० आणि निघायच्या दिवसाला १०. बेरीज करून बघा, १०० होतात. हेच आकडे पाळा असं माझं म्हणणं नाही. तुमची लांबची ठिकाणं तिसऱ्या दिवशी असतील तर २० तिथे न्या. मुद्दा इतकाच की चौथा दिवस मुद्दाम स्वस्त ठेवायचा. हॉटेलच्या आसपास चालत जाता येईल असं काहीतरी, एखादी बाग, बाजारपेठ, नदीचा काठ. त्या दिवशी सासूबाईंच्या गुडघ्यांना आणि पाकिटाला, दोघांनाही विश्रांती. त्या आधीच्या दिवसांत थोडं जास्त गेलं असेल तर ते इथे भरून निघतं, आणि कोणाला काटकसर केल्यासारखंही वाटत नाही.

आणि या शहरातही तारांगण असेल तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेली गोष्ट राहूनच जाते, कारण शेवटच्या दिवसांवर आधीच्या सगळ्या दिवसांची उधारी असते. मुलीचं तिकीट आधी काढून ठेवता येत असेल तर आत्ताच काढा. मात्र सुट्टीचा वार बघून. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, आणि मंगळवारी तिथे जाऊन परत फिरणारी कुटुंबं प्रवासाचे पैसे दोन्ही बाजूंनी भरतात.

आता खरा विषय, हॉटेल. प्रवासखर्चाचं पत्र असून मी हॉटेलवर का घसरले असं वाटेल, पण तुमचा रोजचा प्रवासखर्च निम्मा तिथेच ठरतो. टोकाचं हॉटेल स्वस्त दिसतं कारण त्याच्या किमतीत तुमची तिकिटं धरलेली नसतात. धरून बघू. तीन मोठी माणसं आणि मुलीचं अर्धं तिकीट धरलं, तर तुमची एक फेरी म्हणजे साडेतीन तिकिटं. सकाळी जाणं आणि रात्री येणं, सात. आता सासूबाई दुपारी थकणार हे तुम्हीच लिहिलंय, तर दुपारी सगळे हॉटेलवर येऊन परत बाहेर पडलात की आणखी सात. म्हणजे दिवसाला चौदा तिकिटं नुसती हॉटेलशी इमान राखण्यात गेली, अजून काही बघितलेलं नाही. मध्यवस्तीत राहिलात तर यातली बरीचशी ये-जा पायी होते, किंवा फार तर एखाद्या बसवर भागते.

पैशांपेक्षा वेळाचा हिशेब जास्त बोचरा आहे. टोकापासून मध्यापर्यंत ४० मिनिटं धरली, तर जाऊन-येऊन दिवसाला ८० मिनिटं. पूर्ण दिवस तुमच्याकडे चार. म्हणजे ३२० मिनिटं, पाच तास वीस मिनिटं, आणि यात दुपारची फेरी धरलेलीच नाही. सुट्टीतली एक अख्खी दुपार आणि संध्याकाळ तुम्ही भुयारात काढणार. शिवाय व्यवहारात दुपारची फेरी होतच नाही. ४० मिनिटं जायचं आणि ४० मिनिटं परत यायचं म्हटलं की कोणी हॉटेलवर जात नाही. मग सासूबाई कुठल्या तरी उपाहारगृहात दोन तास बसतात, बसायचं म्हणून काहीतरी मागवावं लागतं, आणि संध्याकाळी टॅक्सी ठरलेलीच.

तेव्हा दोन हॉटेलांच्या एका रात्रीच्या दरांतला फरक काढा. तो फरक चौदा तिकिटं अधिक एक रात्रीची टॅक्सी यापेक्षा कमी असेल, तर मध्यवस्तीतलं हॉटेल घ्या, डोळे मिटून. फरक याच्या दुप्पट असेल तर टोकाचं घ्या, पण स्थानकापासून पायी पाच मिनिटांवरचं. 'स्थानकाजवळ' असं हॉटेलवाले लिहितात त्यावर जाऊ नका, नकाशावर चालण्याचा वेळ बघा. मधलाच काही फरक असेल तर माझं मत मध्यवस्तीच्या बाजूने आहे, कारण तुमच्याबरोबर एक दहा वर्षांची आणि एक गुडघेदुखीची अशा दोन व्यक्ती आहेत. कॉलेजातली चार मुलं विचारत असती तर मी उलटं सांगितलं असतं.

टोकाचंच घ्यायचं झालं तर दोन गोष्टी आधी तपासा. एक म्हणजे शेवटची गाडी किती वाजता सुटते. ती चुकली की त्या रात्रीची टॅक्सी शहर ओलांडून जाते, आणि दोन दिवसांची बचत एका फटक्यात खाते. दुसरी म्हणजे हॉटेल कुठल्या भाडेक्षेत्रात येतं. बर्लिनमध्ये अ, ब आणि क अशी वर्तुळं आहेत, विमानतळ 'क'मध्ये आहे, आणि फक्त अ-ब चं तिकीट घेऊन विमानतळावरून निघालेला पाहुणा तपासनीसाच्या हिशेबी विनातिकीटच असतो. पॅरिसमध्ये तर मेट्रोचं साधं तिकीट विमानतळाच्या मार्गाला चालतच नाही, त्याचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग. म्हणून विमानतळाचा प्रवास रोजच्या खर्चात मिसळू नका असं वर म्हटलं. तो कसा करायचा, रेल्वेने, बसने की टॅक्सीने, हे घरीच ठरवा. सामान आणि झोपाळलेलं मूल घेऊन बाहेर पडल्यावर जो निर्णय होतो तो नेहमी महागडाच असतो. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर माझं सांगणं सरळ आहे: टॅक्सी धरा, आणि तिचे पैसे आधीच वेगळे काढा.

पासबद्दल. पासच्या किमतीला एका तिकिटाने भागा. चार आलं, तर पाचव्या फेरीपासून फायदा. आता दिवसाच्या फेऱ्या मोजा, पण प्रामाणिकपणे. कागदावर आपण सगळे दिवसाला सहा ठिकाणं बघतो. प्रत्यक्षात मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असताना दोन ठिकाणं होतात, तिसरं नशिबात असेल तर. दोन ठिकाणं म्हणजे हॉटेलपासून धरून तीन फेऱ्या, त्यातली एखादी पायी. अशा दिवशी चार तिकिटांचा पास घेतलात तर तुम्ही जो प्रवास केलाच नाही तो विकत घेतलात. वरून एक वाईट परिणाम होतो. पास घेतला की तो वसूल करायची घाई सुटते, आणि चालत दहा मिनिटांवर असलेल्या जागी माणसं वीस मिनिटं घालवून मेट्रोने जातात.

यावरून एक गंमत सांगते. लंडनच्या मेट्रोचा तो प्रसिद्ध नकाशा, सरळ रेषांचा आणि ४५ अंशांच्या वळणांचा, १९३३ मध्ये लोकांच्या हाती आला. त्यात अंतरं खरी नाहीत, सोयीसाठी ताणलेली आणि दाबलेली आहेत, आणि पुढे जगभरच्या शहरांनी तीच पद्धत उचलली. लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्थानकं एकमेकांपासून जेमतेम २६० मीटरवर आहेत. नकाशावर तो एक पूर्ण थांबा दिसतो, नवखा माणूस पूर्ण भाडं देऊन खाली उतरतो, गाडीची वाट बघतो आणि वर येतो, तोवर चालणारा पोहोचून स्थिरावलेला असतो. म्हणून फेऱ्या मोजताना मेट्रोचा नकाशा बाजूला ठेवा आणि साधा रस्त्यांचा नकाशा उघडा. साधारण माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. सासूबाईंसाठी अडीच-तीन धरा. एक किलोमीटरच्या आतलं सगळं पायी, त्याच्या वरचं वाहनाने, असा एक नियम करून टाकला की रोज वाद होत नाही.

काही शहरांत पासचा हा प्रश्नच उरलेला नाही. लंडनमध्ये बँकेचं किंवा प्रवासाचं एकच कार्ड दिवसभर यंत्राला लावत राहिलं की ठरावीक मर्यादेनंतर त्या दिवसाचं भाडं आकारणं थांबतं, आणि हा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, मध्यरात्री नाही. न्यूयॉर्कमध्ये अशीच मर्यादा सात दिवसांची आहे. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर पास विसरा, फक्त एक पाळा: प्रत्येकाचं कार्ड वेगळं आणि दिवसभर तेच. लंडनमध्ये एका कार्डावर तिघं जाता येत नाही. सकाळी प्लॅस्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी फोनमधलं तेच कार्ड लावलं, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं असतात, आणि दोघांची मर्यादा वेगवेगळी मोजली जाते. आत जाताना एक आणि बाहेर येताना दुसरं लावलं तर आणखी वाईट, दोन अर्धवट प्रवास धरून दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागतं. तुमच्याकडे तीन मोठी माणसं आहेत, तेव्हा सासूबाईंच्या हातात त्यांचं स्वतःचं कार्ड द्या आणि ते कसं लावायचं ते पहिल्या दिवशी गर्दी नसताना एकदा दाखवा.

पास घ्यावाच लागला तर तो तासांवर चालतो की तारखेवर, ते वाचा. अॅमस्टरडॅममध्ये एक दिवसाचं तिकीट पहिल्यांदा वापरल्यापासून २४ तास चालतं. असं तिकीट दुपारी बाराला सुरू केलं तर दुसऱ्या दिवशीची सकाळही त्यातच बसते, म्हणजे दोन अर्धे दिवस भागतात. तारखेवर चालणारा पास मात्र संध्याकाळी घेणं म्हणजे निव्वळ नुकसान. आठवड्याच्या पासचं तर वारावर अवलंबून आहे. पॅरिसचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवारच चालतो. सोमवारी पोहोचून शनिवारी परतणाऱ्याला तो सोन्यासारखा. शुक्रवारी पोहोचून बुधवारी परतणाऱ्याचे तीन दिवस एका आठवड्यात आणि तीन दुसऱ्या आठवड्यात पडतात, म्हणजे एका पासात सहल भागत नाही. तुमचं आरक्षण अजून व्हायचं असेल तर वार बघूनच करा.

साध्या तिकिटातही बरंच दडलेलं असतं आणि पास विकणारा ते सांगत नाही. रोममध्ये एका तिकिटावर १०० मिनिटं बस आणि ट्राम हव्या तेवढ्या बदलता येतात, मेट्रोत मात्र एकदाच शिरता येतं. लंडनच्या बसमध्ये एकदा पैसे भरले की तासाभरात पुढच्या बसचं भाडं लागत नाही. जवळजवळच्या दोन ठिकाणी पटकन जाऊन यायचं असेल तर एका भाड्यात काम होतं. जर्मनी-इटलीत काही तिकिटं यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावी लागतात, नुसती खिशात असून उपयोग नाही, दंड होतो. दंड हा कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो, तेव्हा तेवढं वाचून घ्या.

फुकट काय आहे तेही बघा, लोक ते विचारायलाच विसरतात. लक्झेंबर्ग देशात २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे, पाहुण्यांनासुद्धा. स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये हॉटेलात उतरणाऱ्याला शहरातला प्रवास मोफत करणारं कार्ड हॉटेलच देतं. आरक्षण करताना हॉटेलला एक ओळ लिहून विचारा, फार तर नाही म्हणतील. मुलीचंही तपासा. लंडनच्या मेट्रोत ११ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर भाडं पडत नाही, तर चीनमधल्या अनेक शहरांत वय न बघता उंची बघतात. तुमची मुलगी उंच असेल तर वाईट बातमी. आणि ज्येष्ठांच्या सवलतींवर फार विसंबू नका, त्या बहुधा त्या शहराच्या रहिवाशांसाठीच असतात.

टॅक्सीकडे मात्र तुम्ही जरा वेगळ्या नजरेने बघा. बसचं तिकीट डोक्यावर असतं, टॅक्सीचं भाडं गाडीवर. एकट्या माणसाला टॅक्सी म्हणजे चैन, चौघांना ती कधीकधी साधी बेरीज असते. जवळच्या अंतराला टॅक्सी पाच तिकिटांना पडत असेल, तर तुमचा जादा खर्च दीड तिकीट आहे, पाच नाही. दिवसातून एकदा, दुपारी किंवा रात्री परतताना, दीड तिकीट देऊन जर सासूबाईंचा पुढचा दिवस वाचत असेल तर द्यावं. लांबच्या अंतराला आणि गर्दीच्या वेळेला मात्र हे गणित उलटतं. मीटर रहदारीत उभ्या उभ्या पळतं आणि अॅपवरच्या गाड्या मागणी वाढली की भाव चढवतात. ऑफिसं सुटायच्या वेळी, पाऊस सुरू झाल्याबरोबर, आणि मोठा कार्यक्रम संपल्या संपल्या गाडी बोलावू नका. अर्धा तास कुठेतरी बसून राहिलं तर भाव बहुधा उतरतो.

यासाठीच ते १० भाग दूर ठेवायला सांगितले. तो आपत्कालीन निधी आहे असं मनाला समजावू नका, तो दमण्याचा निधी आहे. दमणं ही आपत्ती नाही, ते होणारच आहे, दर दिवशी, साधारण त्याच वेळेला. या पैशांना वेगळं पाकीट करा, खरंखुरं, आणि सहलीआधीच ते भरून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा. हो, त्यांच्याच. टॅक्सीचे पैसे त्यातूनच जातील. पाकीट भरलेलं आहे आणि ते याच कामासाठी आहे हे एकदा ठरलं, की भाडं ऐकून दचकायचं कारण राहत नाही. शेवटच्या दिवशी त्यात काही उरलं तर त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. माझा अंदाज, उरलेले पैसे नातीवर खर्च होतील आणि चालण्याबद्दलचा त्यांचा आग्रहही थोडा खरा ठरेल.

आता वही. तुमचं आणि नवऱ्याचं दोघांचंही अर्धं बरोबर आहे. प्रत्येक पाण्याची बाटली लिहिणं हा जाच आहे आणि तो तिसऱ्या दिवशी सुटतोच. पण काहीच न बघणं म्हणजे मागचीच सहल पुन्हा. मधला मार्ग असा: सकाळी त्या दिवसाचे पैसे एका पाकिटात काढा, किंवा कार्डाने खर्च करणार असाल तर सहलीपुरतं वेगळं कार्ड ठेवून त्यात तेवढेच भरा. रात्री झोपण्याआधी काय उरलं तो एकच आकडा बघा. लिहायचं असेल तर तो एकच आकडा लिहा, सहा दिवसांत सहा आकडे. नवऱ्याला वहीत तेवढं पुरेल, आणि नाही पुरलं तर वही त्यांच्याच हातात द्या. उरलेले पैसे पुढच्या दिवसात मिसळायचे, कमी पडले तर चौथ्या दिवसातून घ्यायचे. तारांगणाच्या दिवसातून मात्र काही घ्यायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

परदेशात जात असाल तर आणखी एक गळती बंद करा. कार्ड लावल्यावर यंत्र विचारतं, पैसे तुमच्या चलनात घेऊ की इथल्या? आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो म्हणून हात तिकडे जातो. दर तिथे दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा लावते आणि तो बहुतेक वेळा तुमच्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. दर वेळी तिथलंच चलन निवडा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, उत्तर तेच. आणि पैसे काढण्यावर दर खेपेला ठरावीक शुल्क लागत असेल तर रोज थोडे थोडे काढू नका, दोनदाच काढा.

निघायच्या दिवसाला १० भाग दिले आहेत ते कमी वाटतील. त्यांच्यात विमानतळाचा प्रवास नाही, तो वेगळा काढलेला आहे, त्यामुळे पुरतील. त्या दिवशी दिवसाचा पास घेऊ नका, साधी तिकिटंच बरी. प्रवासाच्या कार्डांची अनामत परत मिळते का आणि कुठल्या खिडकीवर, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, कारण ती खिडकी विमानतळावर असेलच असं नाही. कार्डांत जेमतेम शेवटच्या फेरीपुरते पैसे राहतील असं आदल्या रात्री बघा. आणि त्या सकाळी कुठेही जाऊ नका जिथून वेळेत परतायला टॅक्सीच करावी लागेल.